भावाले ट्रान्सपोर्ट विमानं भेटली, लढाईत या पायलट लोकाईचं काय असते?

आर्णीचा_पोट्टा

नमस्कार मंडळी, प्रश्न थोडा लांब आहे पण पूर्ण वाचा जी.

मह्या काकाचा पोरगा एनडीएतून निघून दुंडिगलच्या एअर फोर्स अकादमीत गेला, आमच्या गावातून पायलट होनारा पयलाच पोट्टा. आता त्याले ट्रान्सपोर्ट स्ट्रीम भेटली अन् येलहंकाले डॉर्नियरवर ट्रेनिंग सुरू झालं. घरी सगळे खुश, पण गावात पारावर जो तो इचारते की फायटर काऊन नाई भेटलं, एकानं तर सरळ म्हटलं की म्हनजे हवेतला ट्रकच चालवाचा ना. तेव्हापासून पोट्टा फोनवर विमानाचं काई बोलतच नाई, जेवला का झोपला का एवढंच.

काकूचं उलटं आहे. तिले वाटते मालवाहू विमान म्हनजे लढाईत मागं राहते, तिथी गोळी कायले येइन, तर देवानं बरंच केलं. आता गाववाले खरे का काकू खरी हे मले सांगता येत नाई कारन यूट्यूबवर पाहा तर राफेल, सुखोई अन् अभिनंदन याच्याशिवाय काई दाखवतच नाई.

तर कोनी नोकरी केली असन, कोनाच्या घरी असन किंवा चांगलं वाचलं असन तर सांगा. लढाईत या लोकाईच्या वाट्याले नेमकं काय येते? त्याईच्यावर गोळीबार होते का? नुसती तारीफ नोका करू, जे आहे ते सांगा.

दर्यापूर_डिफेन्स

भाऊ मी पोरायले एसएसबीची, म्हणजे फौजेत अफसर निवडाच्या मुलाखतीची, तयारी करून देतो म्हणून स्ट्रीमचं तेवढं सांगतो. ट्रान्सपोर्ट म्हणजे नापास झाला अन् तिकडे ढकलला असं बिलकुल नसते. पोराची पसंती, मेरिट, इन्स्ट्रक्टरचा रिपोर्ट अन् त्या वर्षी हवाई दलाले कोणत्या विमानासाठी किती पायलट लागतात हे सगळं पाहून ठरते. पुढे तो एएन-३२, सी-२९५, सी-१३०जे, आयएल-७६ नाहीतर सी-१७ यापैकी कशावर तरी जाईन. लढाईचं मात्र जुने जाणते लोक सांगतीन.

निवृत्त_लोडमास्टर_वर्धा

आर्णीकर, मी हवाई दलात लोडमास्टर होतो, म्हणजे विमानात माल चढवाचा, बांधाचा अन् उतरवाचा हे माझं काम, आधी एएन-१२ वर अन् मग एएन-३२ वर, म्हणजे पायलट नाही पण सगळी नोकरी त्याईच्या पाठीमागं उभा राहून काढली. म्हणून हे लिहाचा हक्क मले आहे असं समजतो.

पयले तुमच्या काकूचा गैरसमज. ट्रान्सपोर्टचं विमान मागं राहत नाही, उलट जिथं आपलं पोस्ट एकटं पडलं, रस्ता कटला, तिथंच त्याले बोलावतात. अन् माल टाकाचा म्हणजे काय करावं लागते ते ऐका. ड्रॉपिंग झोन म्हणजे डोंगरातला एखादा चिमूट सपाट तुकडा, तिथं कपड्याची निशाणी आंथरलेली असते नाहीतर धूर केलेला असते. विमान खाली आणाचं, स्पीड कमी कराची अन् सरळ धराचं. मागचा रॅम्प उघडा, थंडगार वारा आत, आर्मी सर्व्हिस कोअरचे एअर डिस्पॅचवाले पोट्टे कमरेले पट्टा बांधून बोऱ्यांजवळ उभे, घंटी वाजली अन् हिरवा लाइट लागला की ढकला. आता याच येळेस खालून कोणी गोळी चालवली तर? फायटरवाला वळते, वर जाते, उलटून मारते. आमचा कॅप्टन वळला तर तांदूळ, रॉकेल, गोळ्या सगळं दुसऱ्याच दरीत, म्हणजे शत्रूच्या हाती. मग तो वळतच नाही. गोळ्या लागू देते पण सरळ धरते. ते मी माझ्या डोळ्यानं पाह्यलं आहे, जाणूनबुजून सरळ राहणं, हे फार अवघड काम आहे भाऊ.

२० ऑक्टोबर १९६२ ले, चिनी हल्ला सुरू झाला त्याच दिवशी, स्क्वाड्रन लीडर चंदन सिंग लडाखच्या चिपचॅप भागात माल टाकाले गेले होते. वर पोचले तर खाली पोस्टवर तुफान गोळीबार चालू. त्याईनं तरी माल टाकला, विमानाले १९ ठिकाणी गोळ्या लागल्या होत्या. वीरचक्र भेटलं त्याले. त्याच महिन्यात ४४ स्क्वाड्रनच्या एएन-१२ नं एएमएक्स-१३ रणगाडे लडाखमधल्या चुशुलले नेले, सहा रणगाडे, चौदा हजार फुटांवर, अन् धावपट्टी कशाची तर जमिनीवर आंथरलेल्या लोखंडी जाळीच्या पत्र्याची. वजन एवढं की इंधन मोजून भराचं, कमी भरलं तर परत येणं नाही अन् जास्त भरलं तर उतरणं नाही. आमाले ज्याईनं शिकवलं ते सीनियर या गोष्टी सांगत तेव्हा आवाज वर चढवत नव्हते, सेंटर ऑफ ग्रॅव्हिटीचा हिशोब सांगत. साखळी कुठं बांधली, किती कड्याले बांधली, हे.

आता माझं पाह्यलेलं. १९८७, ऑपरेशन पवन, श्रीलंका. जाफन्याजवळ पलालीचं विमानतळ, त्याच्या आजूबाजूले एलटीटीई, म्हणजे ज्यायच्याशी आपली फौज लढत होती ते तामिळ बंडखोर. आमी जवान अन् दारूगोळा घेऊन जावो, इंजिन चालूच ठेवो, उतरवलं की लगेच जखमी घ्याचे अन् मद्रासले परत. जाताना विमानात पोट्टे बोलत, कोणी बिडी मागे, कोणी गावचं सांगे. परत येताना त्याच जागी स्ट्रेचर. एएन-३२ च्या फरशीत माल बांधाच्या कड्या असतात, छोट्या खोलगट वाटीत बसवलेल्या, रक्त तिथं जमा होते. मद्रासले उतरलो की पाण्यानं धुवाचं अन् त्या वाट्या कापसाच्या बोळ्यानं एकेक पुसाच्या, कारण तासाभरात पुन्हा त्याच कड्यांले पेट्या बांधाच्या असत. एका खेपेले आमचे कॅप्टन, तिशीतले असतीन, कॉकपिटातून मागं आले अन् खाली बसून वाट्या पुसू लागले. सर राहू द्या म्हटलं तर म्हणे मीच तर नेलं होतं यायले. बाकी काही बोलले नाही. मग चहा घेतला अन् पुन्हा उडालो.

फायटरवाल्यानं ज्याच्यावर मारा केला त्याचं तोंड त्याले दिसत नाही. ट्रान्सपोर्टवाल्याले जाताना अन् येताना दोन्ही येळेस तोंडं दिसतात. हे ओझं कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो.

कामठा_रोड_गोंदिया

काका, तुमचं वाचून थोडा वेळ काहीच लिहावंसं वाटलं नाही.

मी गोंदियाचा, आमच्या इथलं बिरसीचं विमानतळ दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी बांधलं, लहानपणी आमी तिथं सायकली चालवत होतो अन् तेव्हापासून मले हा नाद लागला की त्या काळात विमानं कुठून कुठं जात होती. तर आर्णीकर भाऊ, भारतातून उडालेल्या ट्रान्सपोर्ट पायलटांची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ‘हम्प’. १९४२ मध्ये जपाननं ब्रह्मदेश घेतला, चीनचा रस्ता बंद झाला, मग अमेरिकेनं आसामातल्या चबुआ, दिंजान, मोहनबारी अशा तळांवरून हिमालयाच्या पूर्व टोकावरून चीनमधल्या कुनमिंगले विमानानं माल न्यायले सुरुवात केली. पेट्रोल, बॉम्ब, औषधं, जीपगाड्या. १९४५ पर्यंत सुमारे साडेसहा लाख टन नेलं अन् त्यापायी सहाशेच्या आसपास विमानं गेली. जपानी फायटरनं पाडलेली त्यात थोडी, बाकी सगळी ढग, बर्फ, वारा अन् थकवा. पंखावर बर्फ जमते, विमान जड होते, खाली यावं तर डोंगर अन् वर जावं तर इंजिनात दम नाही. दऱ्यांमध्ये विमानाचे पत्रे एवढे पडलेले की चांगल्या हवेत पायलट त्या चमकणाऱ्या पत्र्यांच्या रांगेवरून रस्ता ओळखत, म्हणजे आपल्याच मेलेल्या दोस्तांच्या विमानांवरून.

यात एक गोष्ट मले फार महत्त्वाची वाटते. आधी नियम होता की ६५० तास उडालं की घरी परत. पोट्टे घरी जायच्या घाईनं दिवसरात्र उडत, थकत अन् डोंगरावर आपटत. सप्टेंबर १९४४ मध्ये जनरल टनर आले, त्याईनं नियम बदलला, ७५० तास अन् कमीत कमी एक वर्ष राहाच लागन. पायलट चिडले त्याच्यावर, शिव्या दिल्या, पण घाई संपली अन् अपघात कमी झाले. लढाईत माणूस गोळीनंच मरते असं नाही, न झोपल्यानंही मरते.

त्याच काळातली डकोटा विमानं पुढं आपल्या हवाई दलात आली. २७ ऑक्टोबर १९४७ ले सकाळी दिल्लीहून डकोटा श्रीनगरले निघाल्या, आत १ शीख या पलटणीचे जवान अन् त्याईचे प्रमुख कर्नल रणजित राय. हवाई दलाच्या सोबत साध्या प्रवासी कंपन्यांचीही विमानं होती, म्हणजे काल परवा तिकिटवाले प्रवासी नेणारे पायलट. श्रीनगरचं विमानतळ आपल्याकडं आहे का पाकिस्तानातून काश्मीरवर चालून आलेल्या टोळीवाल्याईनं घेतलं हेच पक्कं माहीत नव्हतं, वरून चक्कर मारून पाहाचं अन् मग उतराचं, नाहीतर जम्मूले जाचं, असा हुकूम. कर्नल राय त्याच दिवशी पडले.

मग पूंछ. चारी बाजूनं वेढलेलं शहर, लोकाईनं अन् जवानाईनं मिळून हातानं धावपट्टी केली, तिथं एअर कमोडोर मेहर सिंग यांनी डकोटा उतरवली. रात्री तोफा नेल्या, येताना निर्वासित आणले, हजारो लोक. अन् २४ मे १९४८ ले हेच मेहर सिंग जनरल थिमय्यांले सोबत घेऊन लेहले उतरले. साडेअकरा हजार फूट, सिंधूकाठच्या वाळूत केलेली पट्टी, जी सोनम नोर्बू या इंजिनियरनं तयार केली. डकोटाची केबिन प्रेशराइज्ड नसते, त्या रस्त्यानं आधी कोणी विमान घेऊन गेलं नव्हतं. महावीरचक्र भेटलं मेहर सिंगांले. तिथून पुढं लडाख विमानानं वाचलं हे सरळ आहे.

अमरावती_फ्लायर

सगळं मान्य पण खरं सांगू का, फायटर ते फायटरच. लढाई जिंकते ती मारणाऱ्यानं. ट्रान्सपोर्टवाल्यानं शत्रूवर बॉम्ब थोडीच टाकला, पोट्ट्यायले वाईट वाटणारच ना.

कामठा_रोड_गोंदिया

टाकला ना भाऊ. १९७१. त्याच एएन-१२ विमानाईनं, ज्याचं काका सांगून राहिले. विंग कमांडर विद्या भूषण वशिष्ठ, ४४ स्क्वाड्रन. मागच्या रॅम्पमधून मालाच्या पेट्या ढकलाच्या ऐवजी बॉम्ब ढकलले, रात्री, पाकिस्तानच्या आत चांगामांगाच्या जंगलात जाऊन तिथल्या दारूगोळ्याच्या साठ्यावर. बॉम्बर म्हणून बनलेलंच नाही ते विमान, हळू, मोठं, रडारवर लगेच दिसणारं. त्या लढाईत या कामगिरीवरचं एकही एएन-१२ गमावलं नाही अन् वशिष्ठांले महावीरचक्र भेटलं.

अन् ११ डिसेंबर १९७१ ले आताच्या बांगलादेशातल्या टांगाइलले २ पॅरा ही छत्रीधारी पलटण उतरवली, ती मराठा पलटण आहे, आपलीच माणसं त्यात होती. एएन-१२, पॅकेट, डकोटा, कॅरिबू अशी जवळपास पन्नास विमानं. जवानाईले नेमक्या जागी सोडलं नसतं तर ते ढाक्याच्या रस्त्यावर पुलापर्यंत पोचले असते का? मारणाराही कोणीतरी नेऊन सोडाच लागते ना.

१९८८ चं मालदीव घ्या, तिथं सरकार उलटवाले बंड झालं होतं. ३ नोव्हेंबरच्या रात्री ग्रुप कॅप्टन अनंत बेवूर आग्र्याहून आयएल-७६ घेऊन निघाले, मागं अजून एक आयएल-७६, आत पॅराचे जवान. तिथल्या हुलुले विमानतळाची धावपट्टी बेटावर, दोन्ही टोकाले समुद्र, अन् विमानतळ बंडखोरांच्या ताब्यात आहे का नाही ते उतरेपर्यंत नक्की नाही. धावपट्टीचे लाइट थोडा वेळच लावले अन् तेवढ्यात अंदाज घेऊन एवढं मोठं जेट अंधारात टेकवलं. २०२३ च्या एप्रिलमध्ये सुदानात लढाई पेटली तेव्हा तिथल्या वादी सैय्यदनात तसंच, लाइट नसलेल्या खराब पट्टीवर रात्री सी-१३०जे उतरवून १२१ लोक आणले. बॉम्ब नाही टाकला यात, पण ज्याईले आणलं त्याईले इचारा.

देऊळगावराजा_माजी_सैनिक

जय हिंद. आमी पायदळवाले, ज्याच्यासाठी हे विमान येते ते आमी. तिकडून कसं दिसते ते लिहितो.

सियाचीनले जाताना आमाले चंदीगडहून एएन-३२ नं थोईसले, म्हणजे सियाचीनच्या खालच्या विमानतळाले, नेलं. सकाळीच नेतात कारण दुपारी उन्हानं हवा अजून पातळ होते अन् वारा सुटते, मग विमान उचलत नाही. थोईसले उतरलो तर इंजिन बंद करतच नव्हते, पंखे फिरताहेत, आमी पिट्टू घेऊन उतरतो अन् दुसऱ्या बाजूनं सुट्टीवाले अन् आजारी चढतात. पायलटचं तोंड नीट दिसलंही नाही कधी.

वर पोस्टवर मग हेलिकॉप्टर. ढग आले तर आठ आठ दिवस कोणी येत नाही, रॉकेल मोजून वापराचं, दाढी करणं बंद, डबाबंद खाणं पोटात जात नाही. अशात खालून चीता हेलिकॉप्टरचा आवाज आला की आमी पोट्टे आयस टेंटमधून बाहेर पडो अन् उभे राहो, कोणी हाक मारली नाही तरी. पायलट घिरटी घेऊन एक स्किड टेकवते न टेकवते, सामान काढा, आजारी जवान टाका, गेला. मिनिट पण नाही थांबत. एका जवानाले फुप्फुसात पाणी झालं होतं, आमच्या डॉक्टरनं सांगितलं रात्र निघत नाही, हवा खराब होती तरी पायलट आला. तो जवान आज शेती करते, मेहकरकडचा आहे, लग्नाले गेलो होतो त्याच्या पोरीच्या.

कारगिलले २८ मे १९९९ ले आपलं एमआय-१७ तोलोलिंगकडं मिसाइलनं पाडलं, चौघं गेले. हेलिकॉप्टर पण मूळ माल अन् माणसं नेणारंच ते, त्या दिवशी रॉकेट लावून पाठवलं होतं. त्याच लढाईत आमच्या जिल्ह्यातल्या पोट्ट्यायच्या शवपेट्या ट्रान्सपोर्टच्याच विमानानं खाली आल्या. जवान मेला तर त्याले घरी कोण आणते हे गाववाल्याईले इचारा पारावर.

आर्णीचा_पोट्टा

सगळ्याईले हात जोडून धन्यवाद. मी वेचणीवरून आलो अन् तसाच बसून वाचलं. आता एकच प्रश्न. काकूले हे सांगाचं का? ती म्हनते धोका नाई म्हनून रात्री झोपते. तिची झोप मोडाची का?

अकोल्याची_वहिनी

मी लिहिते, कारण हे मीच भोगलं आहे. माझे मिस्टर एएन-३२ वर नेव्हिगेटर होते. सासूबाईंना सगळ्यांनी मिळून सांगितलं होतं की यांचं ऑफिसचं काम आहे. मग कधी फोन लागला नाही की सासूबाईंना चिंता नाही आणि मी एकटी स्वयंपाकघरात रेडिओ लावून बसलेली. आमच्या लोकांची लढाई तहनामा झाला की संपत नाही, कारण माल रोजच न्यावा लागतो. डोंगर तोच, ढग तेच. ७ फेब्रुवारी १९६८ ला चंदीगडहून लेहला निघालेलं एएन-१२ रोहतांगच्या बाजूला हरवलं, १०२ माणसं होती, आणि त्यातल्या काहींचे देह २०२४ मध्ये सापडले. इतकी वर्षं वाट पाहिली त्या घरांनी. ३ जून २०१९ ला जोरहाटहून मेचुकाला निघालेलं एएन-३२ गेलं, तेरा जण. ही दोन्ही उड्डाणं कोणत्याही लढाईतली नव्हती.

म्हणून काकूंना सांगा, पण तुम्ही नका सांगू, त्याला स्वतःला सांगू द्या. आणि सगळं एकदम नको. पहिल्यांदा फक्त एवढंच की तो कुठे उडतो, कोणत्या महिन्यात हवा खराब असते, आणि फोन आला नाही तर किती वेळ घाबरायचं नाही. मला हे कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आईला काहीच माहीत नसलं की मुलगा घरी आल्यावर बोलणार कोणाशी? तुमचा भाऊ आत्ताच गप्प झालाय, ते मला जास्त काळजीचं वाटतं.

निवृत्त_लोडमास्टर_वर्धा

वहिनी बरोबर बोलल्या, मी सही करतो.

आर्णीकर, पोट्टा सुट्टीवर आला की त्याले डॉर्नियरचं इचारजो. किती वजनाले किती पट्टी लागते, एक इंजिन बंद पाडून उतरवाले शिकवलं का, क्रॉसविंडमध्ये कसं धरते. फायटर काऊन नाही भेटलं हे सोडून कोणतंही इचार, बोलन तो. अन् त्याले माझ्याकडं घेऊन ये, वर्ध्याले बजाज चौकात उतरून फोन कर, मी घ्याले येतो. माझ्याजवळ एएन-३२ च्या लोडिंगच्या जुन्या वह्या आहेत हातानं लिहिलेल्या, त्याले कामी येतीन.

आर्णीचा_पोट्टा

हाव काका, नक्की आणतो. तो दिवाळीले येनार आहे, तुमचा नंबर मेसेजमध्ये टाका. अन् वहिनी, फोन आला नाई तर किती वेळ घाबराचं नाई ते त्याच्याकडून आजच काढून घेतो.